विमानात गाता येतं का?

दिवाळी सरली तरी बदलापूर गावातल्या काशीबाईंच्या घरात एकच विषय चालला होता. कोचीला जायचं, पण कशानं?

हितेश नोकरीत कायम झाला आणि पहिल्याच रविवारी त्यानं जाहीर करून टाकलं की आईबाबांनी आता दोघांनीच कुठेतरी फिरून यायचं. लग्नानंतर दोघं जोडीनं गेले होते ते जेजुरीला, तेही अख्खं वऱ्हाड सोबत घेऊन. आता हॉटेल ठरलं होतं, बोटीतला मुक्काम ठरला होता, फक्त प्रवास तेवढा राहिला होता.

"माझी गाडी घेऊन जा, नाहीतर विमानानं जा," हितेश म्हणाला. "गाडीनं गेलात तर वाटेत मुक्काम पडेल. विमानानं चहा पिऊन होईपर्यंत पोचाल. काय ते लवकर सांगा, तिकिटं काढायला लागतील."

त्याच्या बाबांना, भगवंतांना, विचार करायची गरजच पडली नाही. उल्हासनगरातून जीन्सचे गठ्ठे भरायचे आणि थेट केरळपर्यंत ट्रक हाकायचा, यात त्यांचा उभा जन्म गेला होता. "रस्ता मना पाठ हाय," ते म्हणाले. "आता एकदा वरून बघू."

काशीबाईंनाही तेच हवं होतं. खिडकी कोणाला, यावरून दोघांची जुंपली. शेवटी जाताना काशीबाईंनी बसायचं आणि येताना भगवंतांनी, असा तह झाला. संध्याकाळपर्यंत भगवंतांनी न्हाव्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना बातमी दिली. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस स्टेअरिंग न धरता लांब जाणार होता, आणि त्याचा आनंद त्यांच्या चालण्यातसुद्धा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी दोघं चाकांची बॅग घ्यायला उल्हासनगरला गेले. कॅम्प तीनच्या बाजारात गाडी घालणं म्हणजे डोक्याला ताप, म्हणून त्यांनी ती बाजाराच्या अलीकडे लावली आणि शेअर रिक्षा पकडली. रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं आणि रिक्षा बाजूला घेऊन तो खालीच उतरला. तो जनू होता. भगवंतांच्या ट्रकवर कितीतरी वर्षं क्लीनर होता.

भगवंत बॅगांच्या दुकानात शिरले आणि सिंधी शेठशी घासाघीस करत बसले. काशीबाई रिक्षातच थांबल्या. कोचीला जाणार म्हटल्यावर जनूचा चेहरा उजळला.

"वहिनी, भाऊ अजून गातात का?"

"कोण गातो?"

"भाऊ. गाडीत गायचे ना. पहाटे घाट उतरला, रस्ता मोकळा लागला की सुरू. तुम्ही हळदीला म्हणता ना, तीच गाणी. ऐकून ऐकून मला पण पाठ झाली."

काशीबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. हळदीच्या गाण्यांसाठी त्यांना अंबरनाथपर्यंत बोलावणी यायची. त्या मांडवात बायकांमध्ये बसून गायच्या तेव्हा भगवंत बाहेर पुरुषांत पत्ते कुटत बसलेले असत. घरी आल्यावर बरं म्हटलंस, वाईट म्हटलंस, एक शब्द नाही. त्यांना वाटायचं, या माणसाच्या कानावरसुद्धा कधी पडलं नसेल.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर नवी निळी बॅग होती आणि भगवंत तिच्या चाकांचं कौतुक सांगत होते. अंबरनाथ मागे पडलं तसं काशीबाईंनी बोलून टाकलं.

"मना विमानात नाय जायाचा. आपन गाडीनं जाऊ."

भगवंतांनी ब्रेक दाबला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवून त्यांचा उद्धार केला.

घरी आल्यावर हितेशला वाटलं, आई घाबरली. त्यानं मोबाईलवर तिला विमान कसं उडतं ते दाखवलं, आतल्या खुर्च्या दाखवल्या, पट्टा कसा लावायचा तेही दाखवलं. काशीबाईंनी सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "यात गाता येतं का?"

"विमानात? आई, तिथे कोण गातं?"

"मंग नको."

भगवंतांचा हात मिशीवर गेला आणि तिथेच राहिला. जनू काय बोलला असेल ते त्यांच्या ध्यानात आलं होतं. ते उठून ओटीवर जाऊन बसले. काशीबाई मागोमाग गेल्या.

"त्या जनूला काम नाय," ते म्हणाले.

"माझी गानी तुम्हाला येतात?"

"कामाला जागायला पायजे ना मानसानं. झोप येते गाडीवर."

"मंग दुसरी म्हनायची. माझीच कनाला?"

भगवंत रस्त्याकडे बघू लागले. "महिना महिना घर दिसायचा नाय," ते म्हणाले. "तुझा गाना म्हटला की वाटायचा, घरी हाव."

काशीबाई त्यांच्या शेजारी टेकल्या. इतकी वर्षं हे सगळं त्या जनूनं ऐकलं, आणि आपण इकडे चुलीपाशी. "मना आयकायचा हाय," त्या म्हणाल्या. "आनि त्याच रस्त्यावर."

भगवंत आत गेले आणि हितेशला म्हणाले, "तिकिटं काढू नको. गाडीत हवा भरून आन." मग गावभर फिरून विमानाची बातमी मागे घेणं आलं. न्हावी हसला, दूधवाल्यानं बायकोला घाबरलात का म्हणून विचारलं. "हो, घाबरलो," भगवंत बिनदिक्कत म्हणाले.

निघायच्या दिवशी काशीबाई पहाटेच तयार होऊन पुढच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. पहिल्या दिवशी भगवंत काही गायले नाहीत. पुणं गेलं, कोल्हापूर गेलं, ते नुसते इथला वडा चांगला, तिथं एकदा टायर फुटला, असं सांगत राहिले. काशीबाईंनी आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी अंकोल्याचा घाट उतरला, झाडीतून ऊन रस्त्यावर पडलं, आणि काशीबाईंनीच हळूच पहिली ओळ धरली. दुसरी ओळ शेजारून आली. जाडाभरडा, सुरात कधी असलेला कधी नसलेला आवाज.

"चुकलात," काशीबाई म्हणाल्या. "नवरीचा नाव आधी येतं, मामाचा मंग."

"मी असाच म्हनायचो."

"इतकी वर्सं चुकीचा?"

"सांगायला तू कुठं व्हतीस?"

दोघं इतके हसले की भगवंतांना गाडी कडेला घ्यावी लागली. पुढे रस्ता समुद्राला येऊन भिडला. उजवीकडे लाटा, डावीकडे नदी आणि मधून त्यांची गाडी. काशीबाईंनी काच खाली करून हात बाहेर काढला, आणि जन्मभर क्लीनरला हात आत घे म्हणून ओरडणारे भगवंत या वेळी काही बोलले नाहीत.

कोचीला मजेत दिवस गेले. बोट झाली, केळीच्या पानावरचं जेवण झालं. निघायच्या सकाळी हॉटेलच्या दारात भगवंत डिकीत सामान ठेवत होते.

"हा रस्ता पुढं कुठवर जातो?" काशीबाईंनी विचारलं.

"कन्याकुमारी. तिथं जमीनच संपते."

"तुम्ही गेलाव तिथं?"

"नाय. माझा माल इथंच उतरायचा."

काशीबाई पुढच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला. "हितेशला फोन करा," त्या म्हणाल्या. "म्हनाव, उशीर होईल."