पहाटे त्यांनी दार उघडले

मित्रांनो, मी एक जुना दारवान आहे. उंची वीतभर, अंग प्लास्टिकचं, हातात भाला आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. जुना म्हणजे वापरून जुना झालेला नव्हे. मला कुणी वापरलेलंच नाही. चाळीसेक वर्षं मी एका खोक्यात उभा होतो, समोर पारदर्शक खिडकी आणि पाठीशी पुठ्ठा. इतकी वर्षं नोकरी करून एकदाही कामाला हात न लावलेला मी काही जगातला एकटाच नसेन, पण त्याबद्दल कौतुक झालेल्यांत माझा नंबर बराच वरचा आहे.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मी नुसता मातकट रंगाचा ठोकळा होतो. मग एका लांब टेबलाशी बसलेल्या बायकांच्या हातून मी पुढे पुढे सरकत गेलो. एकीने अंगरखा रंगवला, दुसरीने दाढी, तिसरीकडे फक्त डोळे. त्या तिसरीने माझा उजवा डोळा सुरेख काढला. डावा काढताना तिला शिंक आली.

"अगं, हा तर डोळा मारतोय," शेजारीण म्हणाली.

"मारू दे. नाहीतरी या वयात मला कोण मारतंय!"

दोघी हसल्या, मी पुढे सरकलो आणि तपासनिसाने मला पास केलं. या एका शिंकेवर पुढे दोन सुशिक्षित माणसांनी वर्षानुवर्षं डोकं चालवलं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आम्ही एकूण बारा जण होणार होतो. 'सात बुरुज' असं आमच्या मालिकेचं नाव. प्रत्येक खोक्याच्या पाठीवर गोष्टीच्या चार ओळी छापलेल्या असत आणि खाली लिहिलेलं असे, 'पुढे काय झाले? पुढच्या खोक्यावर वाचा.' ही युक्ती ज्याने काढली त्याला मुलांचं मन बरोबर कळत होतं, फक्त दया येत नव्हती. सेनापती झाला, राणी झाली, हेर झाला, आणि अकराव्या खोक्यात मी. माझ्या पाठीवरचा मजकूर असा:

'बाहेर शत्रू होते. आत माणसे होती. मध्ये वृद्ध दारवान. पहाटे त्यांनी दार उघडले.'

बारावं खोकं निघालंच नाही. त्याआधी कारखाना बंद पडला. त्यामुळे दार उघडलं गेलं हे सर्वांना ठाऊक आहे, पण ते कुणी उघडलं आणि पुढे किल्ल्याचं काय झालं, हे कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही. आपल्या पाठीवर काय लिहिलंय ते आपल्याला थोडंच वाचता येतं? ते लोकांच्या तोंडून कळतं, आणि लोक आपापल्या सोयीने वाचतात.

मला विकत घेतलं ते दोन भावांनी. म्हणजे मला एकाने घेतलं. दोघांनी एकमेकांना चकित करायचं म्हणून गुपचूप एकेक दारवान आणला आणि घरात एकदम दोन दारवान झाले. त्यातला एक उघडला, एक तसाच ठेवला. तसाच ठेवलेला तो मी. उघडलेला माझा जुळा भाऊ बादलीत बुडाला, कुंडीत पुरला गेला, रुमालाला बांधून गॅलरीतून खाली सोडला गेला. वर्षभरात त्याचा एक हात गेला, भाला गेला, दाढीचा रंग गेला. मी वरच्या फळीवरून ते सगळं पाहत असे आणि माझ्या कोऱ्या अंगाबद्दल मनोमन फुशारत असे. मूर्खपणाला खोकं लागतंच असं नाही, पण मिळालं तर तो जास्त टिकतो.

भाऊ मोठे झाले. थोरल्याने चष्म्यांचं दुकान काढलं. धाकटा एका छापखान्यात मुद्रितशोधक झाला, म्हणजे छापायच्या मजकुरातल्या चुका लाल शाईने काढणारा. दोघांची लग्नं झाली, केस पिकले, पण खेळण्यांचा नाद सुटला नाही. त्याला आता ते संग्रह म्हणत. थोरल्याच्या घरात एक खोली खास आमच्यासाठी होती. आत गेलं की तो आतून कडी घाली, कारण दार उघडं राहिलं की धूळ येते आणि धुळीमागून बायको येते, असं त्याचं म्हणणं. माझा जुळा धाकट्याच्या वाटणीला गेला होता. तो त्याला पेनांबरोबर खिशात घेऊन हिंडे.

धाकटा दर रविवारी यायचा. चहा यायचा. आणि वाद सुरू व्हायचा.

"दारवान फितूर होता," धाकटा म्हणायचा. "त्यांनी म्हणजे दारवानाने. म्हातारा माणूस, म्हणून आदरार्थी अनेकवचन. सरळ आहे."

"त्यांनी म्हणजे शत्रूंनी. धडका मारून उघडलं. आणि मला सांग, फितुराला कुणी अहोजाहो करतं का रे?"

"दादा, आदर वयाला असतो. व्याकरण चारित्र्य तपासत नाही."

"मग आतली माणसं का नाही? तीही अनेकवचनीच आहेत."

"नपुंसकलिंगी असली तरी तृतीयेला त्यांनीच होतं, मान्य. पण त्याचा डोळा बघ. शत्रूला खूण करतोय तो."

"डोळा म्हातारपणाने अर्धा मिटलाय. माझ्या दुकानात असे रोज दहा येतात. जागून जागून दमलाय बिचारा."

मला ओरडून सांगावंसं वाटे, अहो, शिंक होती ती! पण माझं तोंड रंगवलेलं होतं, कापलेलं नव्हतं.

"चहा गार झाला," दाराबाहेरून वहिनी म्हणायच्या. धाकट्याची वहिनी, थोरल्याची बायको. "दारवान पितोय का विचारा, नाहीतर नेते परत."

आता वाटतं, ते रविवार म्हणजेच गोष्टीचा पुढचा भाग होता. पण तेव्हा सगळे बाराव्या खोक्याची वाट पाहत होते.

मग एकदा संग्राहकांचा मेळावा भरला. थोरल्याने तिथे भाषण केलं. विषय: दारवान निर्दोष कसा. महिनाभर तयारी केलेली, आरशासमोर. मीही व्यासपीठावर होतो, पुरावा म्हणून. भाषण रंगात आलं आणि पाचव्या रांगेतून धाकटा उभा राहिला. "एक दुरुस्ती," तो म्हणाला. त्याची ती सवयच. तृतीया विभक्ती, सर्वनाम, आदरार्थी प्रयोग, सगळं त्याने तीन मिनिटांत मांडलं आणि शेवटी म्हणाला, "वक्त्यांची काच स्वच्छ आहे, पण नंबर चुकलाय."

सभागृह हसलं. चाळीस माणसं होती, पण एखाद्याला गाडायला चार पुरतात. थोरल्याने कागद गोळा केले, मला काखेत मारलं आणि मागच्या दाराने बाहेर पडला.

त्यानंतर नऊ वर्षं रविवार आले आणि नुसतेच गेले.

या नऊ वर्षांत माझं कौतुक फार वाढलं. अकरावा दारवान, न उघडलेला, दुर्मीळ. लांबून लोक बघायला यायचे आणि श्वास रोखून म्हणायचे, "हात नाही ना लावला कुणी?" थोरला मान हलवायचा. लोक गेले की तो कडी घालून माझ्यासमोर स्टुलावर बसायचा. एकदा म्हणाला, "तू उघडलं नाहीस. मला माहीत आहे." इतक्या विश्वासाने माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. त्याचं हृदय अशक्त झालं होतं. डॉक्टरांनी जिने आणि राग दोन्ही वर्ज्य सांगितले होते. जिने त्याने सोडले.

गेल्या वर्षी त्याने धाकट्याला पत्र लिहिलं. लिहिताना मोठ्याने वाचत होता म्हणून मला पाठ आहे. 'माझं काही चुकलं असेल. तुझंही असेल. प्रकृती बरी नाही. एकदा ये, दारवान बघून जा.' चारच ओळी. चार दिवस लागले.

आठवड्याने तेच पत्र परत आलं. लाल शाईने तपासलेलं. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेलं, एक स्वल्पविराम घातलेला, आणि खाली, छापखान्यात लिहितात तसं, 'पाहिले' आणि सही.

आता तुम्ही म्हणाल, केवढा हा उद्धटपणा. पण मी धाकट्याला लहानपणापासून ओळखतो. तो थट्टा करत होता. नऊ वर्षांनी बोलायचं तर सुरुवात कुठून करायची हे त्याला कळेना, म्हणून त्याने जिथे वाद सोडला होता तिथूनच सुरुवात केली. त्याच्या मते ते 'येतो' असंच होतं. थोरल्याने ते वाचलं, घडी घातली आणि वहिनींना म्हणाला, "साहेबांनी तपासून पाठवलंय. नापास."

त्या रविवारी दुपारी धाकटा आला. थोरला जेवून खोलीत येऊन बसला होता. कडी लावलेली होती. बाहेर वहिनींचा आवाज आला, "भाऊजी! आहेत आत, पण तुमच्या पत्रापासून तोंड फिरवून बसलेत. हाक मारून बघा."

"दादा!"

थोरला ताडकन उठला. चेहऱ्यावर राग नव्हता, मित्रांनो. हे मी शपथेवर सांगतो, कारण त्या खोलीत दुसरा साक्षीदार नव्हता. तो दाराकडे दोन पावलं गेला, मग थांबला, वळला आणि स्टुलावर चढून त्याने वरच्या फळीवरून मला काढलं. रिकाम्या हाताने दार उघडायचं नव्हतं त्याला. मला छातीशी धरून तो खाली उतरला आणि उतरताना तसाच वाकला. पडल्याचा आवाजही मोठा झाला नाही. जमिनीवर जाजम होतं, आमच्यासाठी घातलेलं. खेळणी पडली तर लागू नये म्हणून.

बाहेर धाकटा दाराला पाठ टेकून बसला.

"दादा, लाल पेन घरी ठेवून आलोय. उघड आता."

थोरल्याने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

"वहिनी, आत हालचाल आहे का हो?"

"रुसले की असंच," वहिनी म्हणाल्या. "एकदा पाच तास बसले होते. तुम्ही बोलत राहा, ऐकत असतात."

ऐकत होता. तेवढं खरं. धाकट्याने जुन्या गोष्टी काढल्या. बादली काढली, कुंडी काढली, गॅलरीतून रुमाल खालच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या टकलावर उतरला होता ते काढलं. थोरल्याचे ओठ एका बाजूने हलले. तो हसत होता. मग धाकटा हळूच म्हणाला, "बरं बाबा. मी हरलो. दारवानाने दार उघडलं नाही. झालं समाधान?"

माझं खोकं थोरल्याच्या तोंडासमोर आडवं पडलं होतं. खिडकीतून तो सरळ माझ्याकडे पाहत होता. आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं, तो म्हणाला, "उघड."

आयुष्यभर ज्या माणसाने मी दार उघडलं नाही असं सांगत लोकांशी वाद घातला, त्याने मला एकच काम सांगितलं. कडी माझ्यापासून चार हातांवर होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. मी उघडलं नाही.

तासाभराने वहिनींच्याच मनात पाल चुकचुकली. त्यांनी समोरच्या सुताराला बोलावलं. त्याने पटाशी घातली, खांदा लावला आणि दार उघडलं. पण तोवर उशीर झाला होता.

पोलीस आला तो थकलेला आणि नीट वागणारा होता. त्याने धाकट्याचा जबाब लिहून घेतला आणि सहीसाठी पुढे केला. धाकट्याचा हात सवयीने खिशात गेला. लाल पेन त्याने खरोखरच घरी ठेवलं होतं. हाताला लागला तो माझा एकहाती जुळा. त्याने पोलिसाचंच पेन घेतलं आणि वाचता वाचता एका जागी थांबला. 'मी हाका मारल्या. त्याने दार उघडले नाही.' त्याने 'त्याने' खोडलं आणि वर 'त्यांनी' लिहिलं.

"त्यांनी?" पोलीस म्हणाला. "आत आणखी कुणी होतं का?"

"नाही. एकटाच होता."

"मग?"

"आदरार्थी आहे," धाकटा म्हणाला आणि त्याने सही केली.

वहिनींनी मला धाकट्याच्या हातात दिलं. "तुम्हालाच द्यायला काढला असणार," एवढंच म्हणाल्या. घरी जाऊन त्याने माझं खोकं फाडलं. सावकाश नाही, सरळ. चाळीस वर्षांनी मला वारा लागला. आता मी त्याच्या टेबलावर जुळ्याशेजारी उभा असतो. दोघांत मिळून तीन हात आणि एक भाला. त्याने आपल्या खोलीची आतली कडी स्क्रू काढून उतरवली आहे. भोकं तशीच आहेत.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी खेळणी जपून वापरा असं सांगायची पद्धत आहे. मी तसं सांगणार नाही. जपलेल्याचं काय होतं ते तुमच्यासमोर उभं आहे. आम्हाला बादलीत बुडवा, कुंडीत पुरा, आमचे हात मोडा. जपायचंच असेल तर दुसरं काहीतरी जपा. आणि आतून कुणी उत्तर देत नसेल तर तो रुसला आहे असं ठरवून बाहेर बसू नका. आधी दार मोडा, माफी नंतर मागता येते. मोडलेल्या दाराचं फार वाईट वाटून घेऊ नका. ते सुताराने त्याच संध्याकाळी पुन्हा बसवलं.