चौथा कोट

मी एक ओव्हरकोट बोलतो आहे. राखाडी लोकरीचा, उजव्या फासळीपाशी रफू केलेला. जीव जुने वस्त्र टाकून नवे धारण करतो, असे ज्ञानी जन सांगतात. त्या वेळी वस्त्राला काय वाटते, हे मात्र कोणी विचारलेले नाही.

इंग्लंडातल्या लीड्सच्या एका शिंप्याने मला घडविले आणि ऑब्री हेस्केथ या नटाच्या खांद्यांवर मी जगलो. तारुण्यात त्याने चित्रपटांत वेटर, शिपाई आणि दोनदा प्रेत अशी कामे केली. केस पिकल्यावर दूरचित्रवाणीच्या मालिकेत इन्स्पेक्टरची भूमिका लाभली, आणि त्या इन्स्पेक्टरचा कोट म्हणजे मी. मासळीवालाही त्याला 'इन्स्पेक्टर' म्हणूनच हाक मारी. त्याचे खरे नाव माझ्या अस्तरावर तेवढे शिवलेले होते.

एका सकाळी कपडेपटातल्या दांडीवर माझ्या शेजारी तीन नवे कोट लटकले. तोच रंग, तीच बटणे. माझे धागे आकसले. एखाद्या पात्राला भोसकायचे असले, म्हणजेच त्याच्या कपड्याच्या अशा प्रती शिवतात. एक रक्ताने माखला की दुसरा चढवायला. नटाच्या हाती संहिता पडण्यापूर्वी मरणाची वार्ता आम्हां कपड्यांना कळते.

ऑब्री आला आणि थबकला.

"ग्लेनिस, हे कुणाचे गं?"

कपडेपट सांभाळणारी ग्लेनिस इस्त्रीवरून मान न उचलता म्हणाली, "थंडी पडलीय ना, म्हणून आणलेत."

"माझ्या मापाचे दिसतात."

"तुझं माप काय जगावेगळं आहे? अर्ध्या यॉर्कशरचं पोट एवढंच आहे."

तो हसला, पण माझ्या कॉलरवरचा त्याचा हात घामाने ओला होता. दुपारी त्याने दिग्दर्शकाला गाठले. "कीथ, मी मरतोय का?"

"कागद हातात येईपर्यंत इथे कुणी मरत नाही, ऑब्री. चहा घे."

संहितेचा कागद आला; इन्स्पेक्टरला भोसकायचेच होते. कालव्याकाठी चित्रीकरण ठरले. सुरा लागताच त्याने लाकडासारखे कोसळायचे होते. पण प्रत्येक वेळी भयाने त्याचे हात आधी जमीन शोधत. पहिला कोट गेला, दुसरा गेला, तिसराही लाल चिखलात गेला.

"आता तो जुना काढा," कीथ म्हणाला.

ग्लेनिस माझ्यापुढे उभी राहिली. "हा नाही."

"बाई, कोट आहे तो."

"राहू दे, ग्लेनिस," असे म्हणून ऑब्रीने मला अंगावर घेतले. आम्हां दोघांत कोण कापत होते, मला सांगता येणार नाही. कॉलरमध्ये तोंड खुपसून तो पुटपुटला, "आता खरंच पडतो. घाबरू नकोस." पाते माझ्यातून आरपार गेले, आत त्याच्या फासळ्यांवर बांधलेल्या लाकडी फळीवर थांबले. तो पडला. हात पुढे आले नाहीत.

फाटलो म्हणूनच मी त्याला मिळालो. धड राहिलो असतो, तर मालिकेच्या कपड्यांच्या कोठारात गेलो असतो आणि दुसऱ्या कुणाच्या मापाने कापला गेलो असतो. ग्लेनिसने रफू केले. डाग पुरता गेला नाही.

आता स्कारबरोत, समुद्राकाठच्या त्याच्या घरी, दारामागच्या खुंटीवर मी आहे. कामासाठी टेलिफोन क्वचितच वाजतो. वाजला की ऑब्री आधी मला अंगावर चढवतो, बटणे लावतो, आणि मगच उचलतो. बहुधा तोवर घंटा थांबलेली असते.

दयाघना, मला आता सुऱ्याचे भय नाही. भय एवढेच, की एके दिवशी घंटा वाजत राहील आणि मी खुंटीवरच असेन.