तोकुजीची चिमूट

बस इथे माझ्याजवळ, एका बाईच्या मुठीतल्या माशाची गोष्ट सांगतो तुला. मासा म्हणजे पोहणारा नव्हे — प्लास्टिकचा, करंगळीच्या पेराएवढा, तोंडाला लाल टोपण. जेवणाच्या डब्यात सोया सॉस भरून देतात ना, तसला. हिच्या माशाच्या पोटात मात्र बिनगव्हाचा सॉस होता, तामारी, घरून निघताना थेंब थेंब भरून घेतलेला. मित्सुए तो उजेडात धरून बघत होती. आत एक बुडबुडा वर जायचा, खाली यायचा... परत वर... हॉटेलातल्या न्याहारीच्या टेबलावर सकाळचं ऊन पडलेलं, आणि तिला उगाच वाटत होतं की आत कुणीतरी हळू श्वास घेतंय.

समोर पांढरा भात, मीठ लावून भाजलेली मासळी, एक आंबटढाण उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आलुबुखार. बाकी सगळं तिनं सारून ठेवलं होतं. वाढणारी बाई तिचं कार्ड डोळ्यांपासून लांब धरून वाचत होती — गहू नको, बार्ली नको, सोया सॉस नको, त्याच तव्यावर भाजलेलं नको.

"सोया सॉस म्हणजे सोयाबीनच ना हो?"

"त्यात गहूपण असतो."

"अगबाई. म्हणजे साठ वर्षं मी गहू पितेय म्हणा की." बाई हसली, कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं, आणि जाता जाता मोठ्या मायेनं तिच्यापुढे एक पेला ठेवून गेली. थंडगार, तपकिरी. बार्लीचा चहा.

मित्सुएनं एका बोटानं पेला लांब केला. राग नाही आला. तो चहा म्हणजे पाणीच इथे, पाण्यात काय असतं असं कोण विचारतं... गुन्हा असा कुणाचाच नसतो, सगळे प्रेमानंच वाढतात, आणि मग आठ दिवस मी अंथरुणात गुडघे पोटाशी घेऊन — जाऊ दे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आतडं आता कुठे भरून यायला लागलंय, आता कणभरसुद्धा नको. कणभर. केवढा असतो कण?

बाहेर पडली तर सगळ्या ताकामात्सुला सुक्या मासळीच्या कढणाचा वास. गल्लीगल्लीत उदोनची, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांची दुकानं, दारात वाफ, वाफेत माणसं रांगेनं उभी, सुर्र सुर्र ओढतायत, आणि ती त्यांच्यामधून चाललीय पाण्याखालून चालल्यासारखी, काचेपलीकडून. याच गावातली ती. उदोनवाल्याची मुलगी. बाप पिठाचा गोळा चटईत गुंडाळून पायानं तुडवायचा आणि ही फळीखाली निजलेली असायची, चार वर्षांची, वर लाटणं गडगडायचं आणि फटीतून पीठ पडायचं, पापण्यांवर, ओठांवर, आवाज न करता... बर्फ पडतोय असं तिला वाटायचं. पुढे लग्न होऊन निईगाताला गेली, तिथे खरा बर्फ बघितला छातीएवढा, पण तो काही तसा पडत नव्हता.

दुपारी ती कवारामाचीच्या मागच्या गल्लीत वळली. दुकान बंद, दारावरचा पडदा काढून ठेवलेला. थोरला भाऊ तोकुजी तिथे चाळीस वर्षं उदोन लाटत होता, बापानंतर. आता खांदा उचलत नाही म्हणून दुकान मोडायचं ठरलेलं. फोन त्यानंच केला होता. आधी नुसताच खोकला. मग म्हणाला, "पुढच्या आठवड्यात सामान हलवणार. त्याआधी ये. तुझ्यासाठी तांदळाचं करतो."

तुझ्यासाठी तांदळाचं करतो. नऊ वर्षांत पहिल्यांदा. नऊ वर्षांपूर्वी, आईच्या वर्षश्राद्धाला तिनं आजार सांगितला तर हाच भाऊ सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला होता, "ऐका, उदोनवाल्याच्या पोरीला गहू बाधतो. उद्या कोळ्याची पोर म्हणेल, मला समुद्र बाधतो." सगळे हसले. तीही हसली. मग त्यानं वाडगा पुढे केला, म्हणाला, नुसतं कढण तरी घे, आईच्या नावानं — आणि तिनं घेतलं. सगळं प्यायली, त्यातल्या सोया सॉससकट, तळापर्यंत. परतीच्या गाडीत संडासाच्या दाराला टेकून बसली होती ती, पूल ओलांडताना खाली समुद्र चमकत होता आणि ती मोजत होती, एक खांब, दोन खांब... ते त्याला कधी कळलं नाही. तिनं सांगितलं नाही, नुसतं येणं बंद केलं. तो समजला, गहू नको म्हणजे आपणच नको.

"आलीस? चपला तिथे नको, इथे काढ. तिथे अजून पीठ असेल." तोकुजीनं मान वर न करता सांगितलं.

हारुए वहिनी पुढे आली, मित्सुएचा हात धरून हळूच म्हणाली, "तीन दिवस दुकान धुतोय हा माणूस. छत पुसलं त्यानं, छत. आमच्या लग्नात आंघोळ तरी धड केली होती का, आठवत नाही मला."

"ऐकू येतंय."

"ऐकू यावं म्हणूनच बोलतेय."

मित्सुए गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसली. नवी फळी. नवं लाटणं, अजून झाडाचा वास येणारं. नवं पातेलं. ओट्यावर तामारीची बाटली, न उघडलेली, आणि बाटलीला टेकून एक कागद, त्यावर त्याच्या जाड अक्षरात — गहू, बार्ली, राय, सोया सॉस, आणि खाली दोनदा रेघ मारून, 'तीच चाळणी नको'. तिनं कागद दोनदा वाचला. हे कुणी सांगितलं याला? मी तर कधी...

"लायब्ररीत गेलो होतो," तो भिंतीला सांगितल्यासारखं बोलला. "तिथल्या पोरीनं शोधून दिलं. मला म्हणते, आजोबा, तुमच्याकडे कुणाला आहे? म्हटलं, धाकटीला."

धाकटीला. या एका शब्दानं तिला कसंतरीच झालं, ऊन अंगावर सरकत यावं तसं. खिडकीतून खरंच ऊन येत होतं. तोकुजी तांदळाच्या उकडीचा गोळा मळत होता, खांदा दुखत होता ते त्याच्या ओठांवरून दिसत होतं, लाटणं गडगडायला लागलं... तोच आवाज, फळीच्या खालून ऐकलेला. तिचे डोळे मिटायला आले. मी चार वर्षांची आहे, वर बाप आहे, आता पडेल...

आणि पडलं.

तांदळाची पोळी फळीला चिकटली होती एवढंच. तोकुजी पोळीकडेच बघत होता. त्याचा डावा हात मात्र आपल्या मनानं ओट्याच्या कोपऱ्याकडे गेला, जिथे बापाच्या वेळपासून ती लाकडी पेटी असायची — सगळं धुतलं, सगळं नवं आणलं, पण पेटी तिथेच होती, कारण ती कुणाला दिसतच नव्हती, स्वतःची कोपरं कुठे दिसतात माणसाला — हातानं चिमूट घेतली, मनगटाला एक झटका दिला, आणि गव्हाचं बारीक पीठ पंख्यासारखं उन्हात उघडलं. हळू, अगदी हळू ते खाली आलं. इतकं सुंदर होतं ते की तिला आधी भीती वाटलीच नाही.

वहिनी पातेल्यातल्या उकळत्या पाण्याकडे बघत होती. तोकुजी पट्ट्या कापत होता. कुणालाच कळलं नव्हतं. त्यालासुद्धा.

वाडगा पुढ्यात आला. पांढऱ्या, जरा तुटक्या पट्ट्या, वर कांद्याची पात. तोकुजी समोर उभा राहिला, पंचा दोन्ही हातांत पिळत, कोरडाच. "दिसायला काही खास नाही जमलं," तो म्हणाला. "तांदळाला ताणच नसतो. पण तुला चालेल. चालेल ना?"

तिनं मुठीतला मासा घट्ट धरला. टोपण तळव्यात रुतलं. खाल्लं तर आठ दिवस... आठच दिवस. कुणाला कळणार? नाही खाल्लं तर — ती छत पुसणारी पाठ, तो कागद, 'धाकटीला'. नऊ वर्षांपूर्वी मी प्यायले कारण मला याची भीती वाटत होती. सगळ्यांसमोर हसेल याची. आज... तिनं आपल्या आतच चाचपून बघितलं, भीती कुठे आहे ती, रोजच्या जागी हात घातला — आणि ती जागा रिकामी होती. नुसतं ऊन पडलं होतं तिथे. ज्यानं मरमरून छत धुतलं त्याला खोटं काय सांगायचं? त्याला तर खरंच सांगता येतं. त्यालाच येतं.

तिनं जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

"दादा," ती म्हणाली, आणि तो आवाज तिला स्वतःलाच ओळखीचा वाटला, फळीखालून यायचा तसला. "इकडे ये. तुझा डावा हात दाखव जरा."

तो हात पुढे करून गल्ल्याकडे आला, काही न कळून, बोटांची टोकं पेटीतल्या पिठानं पांढरी. तिनं तो हात आपल्या हातात घेतला. नंतर आपले हात धुवावे लागतील हे तिला माहीत होतं. सोडावासा वाटला नाही.

पुढचं मला विचारू नकोस. एवढंच कर माझ्यासाठी — तुझ्या घरी कधी कुणी ताट सारून म्हणालं, मला हे चालत नाही, तर रागावू नकोस, आग्रहही करू नकोस. आधी आपल्या हाताकडे एकदा बघ.