फरशीचा काही दोष नव्हता

बाबांचे पाय जमिनीला चिकटायला लागले, तेव्हा आमच्या घराने योग्य तेच केलं. फरशी उखडली.

आमचं घराणं फरशी बसवणाऱ्यांचं. आमच्याकडे माणूस पडला की आधी फरशी तपासतात, मग माणूस. दादाने हॉलमध्ये पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध, म्हणजे फरशी सपाट. "गुळगुळीत जास्त आहे," दादाने निकाल दिला. खडबडीत बसवली. बाबा तिच्यावरही ओल्या सिमेंटमधून चालावं तसे घसटतच चालले. "खडबडीत जास्त आहे," दादा म्हणाला. स्वयंपाकघराची पाळी आली तेव्हा आई उलथनं घेऊन दारात उभी राहिली.

"आणखी एक फरशी उचललीस, तर तुला तिच्याखाली बसवीन."

मग बाबांना संडासापर्यंत वेळेत पोहोचता येईना. मग माझ्या नावाने दादाला हाक आणि दादाच्या नावाने मला. दोघं एकदम समोर गेलो की गोळाबेरीज बरोबर यायची. शेजारी म्हणाले, वय झालं. जन्मभर गुडघ्यांवर बसून काम केलेला माणूस खुर्चीला खिळला. त्यांनी त्या खुर्चीतून आपणहून उठावं, एवढंच आईचं मागणं होतं.

शेवटी बाबांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या न्यूरोसर्जन बाईंनी स्कॅन दाखवला. "मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाणी साठलंय. प्रेशर मोजलं तर नॉर्मल येतं, त्यामुळे लवकर कळत नाही. चालणं, लघवी, आठवण, सगळं त्यानेच बिघडलंय."

"म्हणजे फरशीचा..."

"फरशीचा काही दोष नाही."

दादा स्टुलावर बसला. त्याने जवळजवळ अख्खं घर उखडलं होतं.

हेच पाणी पाठीच्या कण्यातही असतं, म्हणून बाईंनी आधी चाचणी म्हणून तिथून सुईने थोडं काढलं आणि बाबांना कॉरिडॉरमध्ये चालवलं. बाबांनी पाय उचलला. मग दुसरा. थोडं गेल्यावर थांबले आणि खाली बघून म्हणाले, "ही कुठल्या गाढवाने बसवली?"

आईच्या डोळ्यांत पाणी. "शिव्या देतायत हो," ती सिस्टरना सांगत सुटली, जणू नातू झाला.

"हा फरक तात्पुरता आहे, पण शंटचा उपयोग होईल असं दिसतंय," बाई म्हणाल्या. त्यांनी कागदावर माणूस काढला. बटाट्याला हातपाय फुटले होते. "शंट म्हणजे कातडीखालून जाणारी बारीक नळी. बहुतेकांना डोक्यातून पोटात घालतो. पोटात अडचण असेल तर डोक्यातून हृदयापाशी. तिसरा मार्ग, कवटीला हात न लावता कमरेतून पोटात."

"कमरेतूनच करा," आई लगेच म्हणाली. "डोकं उघडायला नको."

"यांचा मणका तिथे फार अरुंद झालाय. मी सुचवणार नाही."

"हृदयापाशी?" दादा.

"पोट चांगलं असताना कशाला?"

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा बटाट्याकडे बघत होते.

"तुंबली तर?"

"पुन्हा उघडून बदलावी लागते. जंतुसंसर्ग होऊ शकतो, रक्तस्राव होऊ शकतो. हे होतं कधी कधी, लपवणार नाही."

"मी गिऱ्हाइकाला असलं कधी सांगत नाही," बाबा म्हणाले. "पोटातच घाला. ही बाई खरं बोलते."

ऑपरेशन झालं. बाबा उभे राहिले आणि डोकं धरून परत आडवे झाले. आडवं झालं की बरं, उभं राहिलं की ठणका. दादा वॉर्डाच्या फरशीकडे संशयाने बघायला लागला.

बाईंनी पुन्हा स्कॅन केला. "रक्तस्राव नाही. पाणी जरा जास्त वाहतंय, एवढंच. नळीवरच्या व्हॉल्व्हचं सेटिंग बाहेरून बदलता येतं." त्यांनी बाबांच्या कानामागे कातडीवरूनच एक चुंबकाचं यंत्र टेकवलं आणि फिरवलं. "झालं."

"कापाकापी नाही?" दादा हिरमुसला.

ठणका हळूहळू उतरला. घरी आल्यावर एका सकाळी आई चहा घेऊन हॉलमध्ये गेली आणि किंचाळली. खुर्ची रिकामी! आम्ही संडास पाहिला, गच्ची पाहिली, दादाने पलंगाखालीसुद्धा पाहिलं. बाबा रस्त्यावर होते, कोपऱ्याच्या पलीकडे, हात मागे बांधून, मुकादमासारखे. आई कप हातात घेऊनच धावली, निम्मा चहा रस्त्यानेच प्यायला.

"अहो, थांबा! दम लागलाय मला!"

बाबांनी मान वळवली, पाय नाही.

"तू ये सावकाश," ते म्हणाले.