कडलेकांच्या घराला किती हवा

चाकांवरची घरं उभी राहतात त्या आमच्या पार्कमधून कुणी निघालं की आदल्या संध्याकाळी निरोपाचं जेवण होतं. ज्याने त्याने आपला पदार्थ आणि आपली घडीची खुर्ची आणायची, गोल करून बसायचं, जेवायचं, आणि निघणाऱ्याला मिठी मारून "नोव्हेंबरात भेटू" म्हणायचं. आमच्या वयाची माणसं हे वाक्य जरा जपूनच उच्चारतात. त्यानंतर निघणाऱ्याने सकाळी खरोखर निघायचं असतं. हा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही, कारण तो कुणी मोडेल असं वाटलंच नव्हतं.

कडलेकांनी तो मोडला.

मर्व्ह आणि लॉर्ना कडलेक नेब्रास्काचे. थंडी आमच्यासारखीच ॲरिझोनाच्या वाळवंटात काढायची आणि एप्रिलमध्ये ऊन चावायला लागलं की घर ट्रकला जोडून परत जायचं, हा त्यांचा रिवाज. घर म्हणजे फिफ्थ व्हील. पिकअपच्या पाठीवर नाक टेकवून चालणारं, आत सोफा, शेकोटी आणि दोन टीव्ही असलेलं. नावात पाचवं चाक असलं तरी खाली चाकं चारच, आणि पुढचा सगळा घोळ त्या चारांनीच घातला.

या वर्षी लॉर्नाला घाई होती. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये शनिवारी वसंतोत्सवाचं जेवण होतं आणि त्यात तिघी बहिणी दरवर्षी पोल्का, म्हणजे नाचाची ठेकेदार गाणी, वाजवत. लॉर्नाकडे अकॉर्डियन. ती पोचली नाही तर तिच्या जागी थोरल्या बहिणीची सून बसणार होती. थोरली, बर्नाडेट, फोनवर म्हणाली होती, "तिला दोनच गाणी येतात. पण ती येते."

"'पण ती येते' म्हणे!" लॉर्ना हे आम्हाला दिवसातून अनेकदा ऐकवायची. दरवेळी आवाज एक पट्टी वर.

रविवारी निरोपाचं जेवण झालं. सोमवारी सकाळी निघाले असते तर मर्व्हच्या चालीनेही, म्हणजे मागून येणाऱ्या प्रत्येकाला पुढे जाऊ देत आणि दुपारी तीनलाच मुक्काम ठोकत, ते गुरुवारपर्यंत आरामात पोचले असते. पण गाजराचा कीस घातलेली हिरवी जेली चमच्यावर तोलत मर्व्हने सहज विचारलं, "काय रे, तुम्ही लोक टायरमध्ये हवा किती ठेवता?"

निवृत्त पुरुषांच्या घोळक्यात हा प्रश्न विचारू नये. धर्म चालेल, राजकारण चालेल, एकमेकांची ऑपरेशनं तर रोजचीच.

"ऐंशी," व्हर्जिल म्हणाला. व्हर्जिल जन्मभर रेल्वेत होता. "टायरवरच लिहिलंय ऐंशी. वाचता येतं ना तुला?"

"ती जास्तीत जास्त रे बाबा," वेंडल म्हणाला. वेंडल हिशेबनीस होता आणि ते अजून कुणी त्याला विसरू दिलेलं नाही. "बाटलीवर एक लिटर लिहिलंय म्हणून तू सगळी पितोस का?"

"पितो."

"हवा वजनाप्रमाणे भरायची. माझ्याकडे टायरवाल्यांचा तक्ता आहे. हलक्या घरात ऐंशी भरलीस तर कपाटात कपबश्या नाचतात."

"कसला तक्ता नि काय," क्लाइड म्हणाला. "काठीने ठोकायचं. ठण्ण वाजलं की झालं."

"गेल्या वर्षी किती फुटले तुझे?"

"दोन. पण आवाज काय सुंदर होता!"

सोमवारी सकाळी तिघेही आपापली हवामापकं घेऊन कडलेकांच्या दारात हजर. मीही माझं घेऊन गेलो, शेजारधर्म असतो. एकाच टायरने आम्हाला चार आकडे सांगितले. माणूस पाहून बोलणारा टायर मी पहिल्यांदाच पाहिला.

हवा थंड टायरात मोजायची, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं, आणि या एकमताच्या आनंदात आधी कॉफी झाली. तोवर ऊन दाराकडच्या टायरांवर आलं. त्या बाजूची हवा मापकावर जास्त दिसू लागली. मर्व्हने ती सोडली. मग जेवणं झाली, वामकुक्षी झाली, आणि सूर्य, त्याच्या जुन्या सवयीप्रमाणे, पलीकडच्या बाजूला गेला. आता तिकडची जास्त. मर्व्हने तीही सोडली. संध्याकाळी गार झाल्यावर चारही टायर असे बसले होते की त्यांना उठवायला व्हर्जिलने घरून कॉम्प्रेसर आणला.

सोमवारी रात्री दुसरं निरोपाचं जेवण झालं. तीच जेली होती. मंगळवारी ऊन पुन्हा पूर्वेकडूनच उगवलं, कॉफी पुन्हा आधीच झाली, आणि संध्याकाळच्या तिसऱ्या निरोपाला कुणीतरी बिस्किटांचा फोडलेला पुडा तेवढा आणला. मिठ्या बंद होऊन आता बसल्या जागेवरून हात हलवणं चाललं होतं. "नोव्हेंबरात भेटू"चं "उद्या भेटू" झालं होतं.

लॉर्ना रोज पायरीवर बसून सराव करायची. एकच पोल्का, पण रोज अधिक जलद. मंगळवारी तिने तो असा काही वाजवला की क्लाइडचं कुत्रं आमच्या ट्रकखाली जाऊन बसलं. मग अकॉर्डियनचा भाता तिने धाडकन मिटला.

"मर्व्ह, मला एक आकडा सांग. कुठलाही. उद्या निघालो नाही तर शनिवारी ती सून माझ्या खुर्चीत बसेल."

"अगं, वजन कळल्याशिवाय कसा सांगू?"

"मग करा की वजन!" वेंडल आनंदाने उठलाच. "हायवेवरच्या ट्रकथांब्यावर काटा आहे. घरासकट वर चढायचं, आकडा घ्यायचा, उतरायचं."

"काट्याची काही गरज नाही," मर्व्ह म्हणाला.

"काट्याची काही गरज नाही," लॉर्ना म्हणाली.

दोघं एकदम म्हणाले. एवढ्या वर्षांत त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. खुर्च्यांचं करकरणं थांबलं. माझी बायको ट्रिश अगदी हळू म्हणाली, "लॉर्ना, ती येते."

लॉर्नाने डोळे मिटले. "मर्व्ह, सकाळी ट्रक जोड."

बुधवारी उजाडताना कडलेकांचं घर काट्यावर चढलं आणि मागून आमचे तीन पिकअप प्रेक्षक म्हणून उभे राहिले. थोड्या वेळाने भोंग्यातून काट्यावरच्या बाईचा आवाज आला. तिने आकडे वाचले आणि जरा थांबली.

"सर, तुमच्या घरात नक्की काय आहे?"

हा प्रश्न ट्रकथांब्यावर न्याहारी करणाऱ्या सगळ्यांनी ऐकला.

वेंडलने तक्त्यावरून बोट खाली नेलं, आणखी खाली नेलं, आणि ते कागदाच्या बाहेर गेलं. "चाकांवरच्या या वजनाला रकानाच नाही रे. इतक्या वजनाला हवा नसते. प्रार्थना असते."

मर्व्हने लॉर्नाकडे पाहिलं. लॉर्नाने डोंगराकडे पाहिलं.

"थोडे दगड आहेत," ती म्हणाली.

वाळवंटात आम्ही सगळेच दगड गोळा करतो. करण्यासारखं दुसरं काय आहे? रंगीत, पट्ट्यांचे, फोडले की आत चमकणारे. पण लॉर्नाने मर्व्हला दोन खोकी सांगितली होती. पलंगाखालून अकरा निघाली.

मर्व्ह रागावेल असं वाटलं होतं. त्याचा चेहरा फुलला.

"अकरा? लॉर्ना! आणि मी इथे झोपत नाहीये, सगळं माझ्यामुळेच जड झालंय म्हणून!"

"तुझ्यामुळे म्हणजे?"

मर्व्हला आपण काय बोलून गेलो ते कळलं, पण उशीर झाला होता. मागच्या कप्प्यात, हिवाळ्याच्या रजयांमध्ये बाळासारखी गुंडाळलेली, लोहाराची ऐरण होती.

"ऐरण?" लॉर्ना म्हणाली. "तू जन्मभर विमे विकलेस!"

"बाजारात स्वस्त मिळाली."

"म्हणून दोन दिवस हवा सोडतोयस?"

"म्हटलं, हवा काढली तर तेवढंच वजन कमी होईल."

"हवेचं वजन, मर्व्ह?"

"थेंबे थेंबे... आणि तसं पाहिलं तर ते अकॉर्डियनही काही हलकं नाही."

क्लाइड नकळत एक पाऊल मागे सरकला. लॉर्नाने पहिलं खोकं उचललं, वेंडलकडे गेली आणि त्याच्या हातात ठेवलं.

"हे तुला. तीन तीन वेळा निरोप दिलात, मी रिकाम्या हाताने कशी जाऊ?"

"अगं, नको, एवढं कशाला..."

"माझी आठवण म्हणून."

म्हाताऱ्या बाईने आठवण म्हणून दिलेली वस्तू नाकारता येते का? वेंडलला तीन खोकी मिळाली, व्हर्जिलला चार, क्लाइडला चार. ऐरणीला कुणी वाली नव्हता. मर्व्हने माझ्याकडे पाहिलं. ट्रिश ट्रकथांब्यावर आत कॉफी आणायला गेली होती.

"नोव्हेंबरपर्यंतच," मर्व्ह कुजबुजला. चौघांनी ती माझ्या पिकअपमध्ये चढवली आणि वर ताडपत्री टाकली.

घर पुन्हा काट्यावर गेलं. वेंडलचं बोट या वेळी कागदावरच थांबलं, अगदी शेवटच्या रकान्यात. त्याने तक्त्याची घडी घालायला घेतली.

"सांग ना रे," मर्व्ह म्हणाला.

"ऐंशी," वेंडल पुटपुटला.

"काय म्हणालास?" व्हर्जिलने विचारलं. त्याला स्वच्छ ऐकू आलं होतं.

कॉम्प्रेसर लावून चारही टायर भरले. मर्व्ह एकेकावर तळहात ठेवत हिंडत होता. "पण आत्ता चालवून आणलेत ना, थोडे कोमट आहेत. गार झाल्यावर एकदा..."

पुढून ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. स्टिअरिंगवर लॉर्ना होती. मर्व्ह धावत जाऊन बसला. मिठ्या राहूनच गेल्या.

शनिवारी संध्याकाळी ट्रिशचा फोन वाजला. आधी फक्त गोंगाट, टाळ्या, ताटांचा खणखणाट, आणि मग आमच्या ओळखीचा तो पोल्का, वाजवायला हवा त्या चालीत. मधेच बर्नाडेट कुणावर तरी ओरडली. सुनेला खंजिरी दिली होती आणि ती वेळेच्या आधीच वाजवत होती.

"पोचली हो!" ट्रिशने डोळे पुसले.

पुढच्या आठवड्यात आमचं निरोपाचं जेवण झालं. आयोवाहून आलेला एक नवा गृहस्थ होता. त्याने बिचाऱ्याने चमचा हातात घेऊन विचारलं, "तुम्ही लोक हवा किती ठेवता?"

"ऐंशी," व्हर्जिल म्हणाला.

"ऐंशी," क्लाइड म्हणाला.

"ऐंशी," वेंडल म्हणाला, आणि तक्ता खिशातून काढला नाही.

"वजन केलंत का कधी?" नव्या गृहस्थाने विचारलं. "इथे जवळच काटा आहे म्हणे."

"छे हो," ट्रिश म्हणाली. "आमचं घर हलकंच आहे. हो की नाही?"

मी आणखी थोडी जेली घेतली.