सात ते साडेसात: एका गॅसमीटरची जबानी

मित्रांनो, बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत मी राहतो. एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला गॅसचा गिझर आणि डोक्यावर वाळत घातलेले पंचे. मी पाइपातून येणाऱ्या गॅसचा मीटर आहे. वय सहा वर्षं. हे काही म्हातारपण नव्हे, पण ज्याच्यावर रोज संशय घेतात तो लवकर थकतो. त्यामुळे मला जुना म्हटलंत तरी माझी हरकत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याच्या डब्यात दोन पिशव्या बसवल्या. एक भरते तेव्हा दुसरी रिकामी होते, आणि दर खेपेला माझ्या तोंडावरचा आकडा थोडा पुढे सरकतो. माझं सगळं शिक्षण एवढंच. बाहेर पाठवण्याआधी माझ्यातून मोजून हवा सोडली. जेवढी सोडली तेवढीच मी सांगितली, म्हणून मला सील ठोकलं आणि एका साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारून "ओके" म्हटलं. ती माझी पहिली शाबासकी. दुसरीची मी अजून वाट बघतो आहे.

त्यानंतर चार महिने मी उल्हासनगरच्या एका गोदामात जीन्सच्या गठ्ठ्यांशेजारी पडून होतो. ही गोष्ट माझ्या तोंडून कधीच बाहेर पडली नसती. पण मला भिंतीवर बसवायला आलेल्या माणसाने ती सहज सांगून टाकली, आणि घरमालक विष्णुपंतांनी खिशातून चष्मा काढला.

"उल्हासनगरचा आहे होय," ते म्हणाले.

विष्णुपंत अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. दुसऱ्यांनी केलेला माल परत पाठवण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर परत पाठवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेवढ्यात मी आलो. मित्रांनो, उल्हासनगर नकली मालासाठी बदनाम असेल, तिथे मी फक्त झोपलो होतो. पण ऐकतो कोण.

माझ्या तोंडावर पाच काळे आकडे आहेत आणि शेवटी तीन लाल. काळे म्हणजे पुरे युनिट, लाल म्हणजे युनिटाचा चुरा. बिल काळ्यांवर होतं. पहिली पाच वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. दोन महिन्यांनी राजरत्न नावाचा रीडिंग घेणारा मुलगा यायचा, मोबाइलवर माझा फोटो काढायचा, विष्णुपंतांच्या पत्नी मालिनीबाईंनी दिलेलं पाणी प्यायचा आणि जायचा. दोन महिन्यांना वीस युनिट. कधी एकोणीस, कधी एकवीस. दुर्लक्षाचे ते दिवस खरं म्हणजे माझे सुखाचे दिवस होते.

मग जानेवारीचं बिल आलं. साठ युनिट.

"मालिनी, आपण खानावळ काढली आहे का?" विष्णुपंतांनी विचारलं.

"काढली असती तर तुमचं ताट बंद केलं असतं," मालिनीबाई म्हणाल्या. "त्या मुलाला विचारा ना."

राजरत्न आला. पोरगा समजूतदार. गॅलरीत माझ्यासमोर उभा राहून त्याने बिल उलगडलं.

"काका, टेन्शन नका घेऊ. आधी रुपये बाजूला ठेवा, युनिट बघा. दर बदलला की रुपये वाढतात, त्यात तुमचा दोष नाही. युनिट मात्र जाळल्याशिवाय वाढत नाहीत. आता मागचं बिल बघा. इथे बारीक अक्षरात 'अंदाजे' लिहिलंय. मी आलो तेव्हा तुमच्या दाराला कुलूप होतं."

"लग्नाला गेलो होतो. रत्नागिरीला."

"मग कंपनीने अंदाजाने युनिट लावले. विसाऐवजी दहाच. ते राहिलेले दहा युनिट या बिलात आले. आणि थंडी बघा किती पडली बदलापुरात. नळाचं पाणीच बर्फासारखं, ते तापवायला गॅस जास्त लागणार. त्याचे पाच धरा."

विष्णुपंतांनी हिशेब तोंडी केला. "वीस नेहमीचे, दहा मागचे, पाच थंडीचे. पस्तीस. पंचवीस उरतात. ते कुठे गेले?"

"पाहुणे आले होते?"

"नाही."

"नवीन काही बसवलं?"

"काही नाही."

इथे मला खोकता आलं असतं तर मी खोकलो असतो.

राजरत्न गेला आणि पंचवीस युनिट घरात राहिले. पंचवीस युनिट म्हणजे नुसता आकडा नाही, मित्रांनो. संशयी माणसाच्या घरात तो एक न दिसणारा इसम असतो. त्याला चेहरा लागतो. विष्णुपंतांनी तो चेहरा स्वयंपाकघरात शोधला, कारण गॅस तिथेच पेटतो.

स्वयंपाकाला वेणूबाई येत. पालेगावच्या. सकाळी आठला शेअर रिक्षाने यायच्या आणि साडेनऊपर्यंत पोळ्या-भाजी आटपून जायच्या. चार वर्षांत एकच खाडा, तोही सुनेच्या बाळंतपणाचा. त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी असायची. गेले दोन महिने त्या पिशवीत मोड आलेले वाल असायचे.

विष्णुपंतांनी एक शंभर पानी वही घेतली. कारखान्यातली पद्धत: काम सुरू होण्यापूर्वीचं माप, काम संपल्यानंतरचं माप. वेणूबाईंनी शेगडी पेटवली की हे टॉर्च घेऊन माझ्यासमोर. बंद केली की पुन्हा माझ्यासमोर. काळे आकडे हलत नसत, म्हणून लाल लिहायचे. वेणूबाईंनी दोन दिवस हे बघून घेतलं. तिसऱ्या दिवशी पोळी शेकता शेकता म्हणाल्या, "काका, त्या डब्यात काय बसलंय? रोज दर्शनाला जाता."

"मोजतोय."

"काय मोजता?"

"गॅस."

वेणूबाईंनी पोळी उलटली. मला वाटतं, त्यांना तिथेच कळलं.

आठवड्याने विष्णुपंतांनी विचारलंच. मालिनीबाई देवळात गेल्या होत्या, ती वेळ त्यांनी बघून ठेवली होती.

"वेणूबाई, राग मानू नका. पण हे पिशवीत वाल असतात रोज. घरचं बिरडं आमच्या गॅसवर शिजवून नेता का?"

मी भिंतीला चार स्क्रूंनी जखडलेला आहे. नाहीतर गिझरच्या मागे लपलो असतो.

"काका," वेणूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता, "ते वाल काकूंसाठी आणते. आमचे परसात होतात. सोलून देते, काकू दुपारी तुमाला उसळ करून घालतात. तुमी ती खाता. मना बिरडं शिजवायला दारात चूल हाय अजून. शेतावर टावर उभे राह्यले, चूल तशीच हाय."

त्यांनी हात धुतले, पिशवी उचलली. दारातून एवढंच म्हणाल्या, "पीठ मळून ठेवलंय. लाटून घ्या."

मालिनीबाई परत आल्या, त्यांनी परातीतलं पीठ बघितलं, वही बघितली. त्या दिवशी त्या विष्णुपंतांशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलल्या. रात्री जेवताना म्हणाल्या, "तिच्या नातीच्या शाळेची फी भरायची आहे या महिन्यात. चार घरं होती तिला, त्यातलं एक तुम्ही घालवलंत. शेजारी कळलं की चोर म्हणून काढली, तर बाकीची तीनही जातील."

"मी चोर म्हटलं नाही. चौकशी केली."

"तिला फरक सांगून या."

पण विष्णुपंतांना खरा धक्का पुढे बसला. बाई गेली आणि आकडा तसाच राहिला. मालिनीबाई स्वतः पोळ्या करत होत्या, गॅस तेवढाच जळत होता आणि तरी रोज जवळजवळ अर्धा युनिट कुठेतरी गडप होत होता. आता संशयाला घरात एकच जागा उरली. मी.

त्यांनी माझ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा आला नाही. राजरत्नला फोन केला. तो म्हणाला, "काका, गळती वाटली, वास आला तर साबण लावत बसू नका, कॉक बंद करा आणि कंपनीला फोन करा. मीटरवर शंका असेल तर टेस्टिंगला पाठवू. पण मीटर बरोबर निघाला तर टेस्टिंगचा खर्च तुमचा."

"हे बघितलंस," ते फोन ठेवून मालिनीबाईंना म्हणाले, "यांना आधीच माहीत आहे तो बरोबर निघणार. म्हणजे काहीतरी आहे."

मग त्यांनी दिवसाचे तुकडे पाडले. दर अर्ध्या तासाला माझं माप. दोन दिवस वही भरली आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी ती मालिनीबाईंपुढे विजयी मुद्रेने ठेवली.

"सापडलं. बाकी दिवसभर सगळं चोख आहे. चोरी होते सकाळी सात ते साडेसात. सातला माप घेतो, साडेसातला घेतो, तेवढ्यात साडेचारशे लाल आकडे पुढे. तोच तो अर्धा युनिट."

"मग मध्येच एकदा बघायचं."

"तेच तर. मध्ये मी हजर नसतो."

"कुठे असता?"

"आंघोळीला. त्याचाच फायदा घेतात."

मालिनीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. सहा वर्षांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा असं बघितलं, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं. लिहून घेतलेलं माप असल्याशिवाय या गृहस्थांना काही पटत नाही, हे त्यांना चाळीस वर्षांच्या संसारात कळलेलं होतं.

"उद्या मी उभी राहते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सातला विष्णुपंत आत गेले. गिझर भडकला आणि मी पळायला लागलो. मित्रांनो, आता सांगतो. दिवाळीत त्यांच्या मुलाने, उन्मेषने, बाथरूममध्ये हातात धरायचा शॉवर बसवून दिला होता, बाबांच्या गुडघ्यासाठी. पूर्वी एक बादली, चार मिनिटं. आता प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून गुडघ्यावर गरम पाण्याची धार, आणि सोबत गुणगुणणं. पंचवीस मिनिटं. शॉवर हा पाण्याचा विषय, असं त्यांच्या डोक्यात. त्यामुळे राजरत्नने विचारलं तेव्हा तो आठवला नाही. यात लबाडी काही नव्हती. दुसऱ्याचा माल तपासण्यात हयात गेलेला माणूस, स्वतःला तपासायची वेळ कधी आलीच नव्हती.

मालिनीबाई दर पाच मिनिटांनी टॉर्च मारत होत्या आणि ठसठशीत अक्षरात लिहीत होत्या. साडेसातच्या आत गिझर विझला. विष्णुपंत बाहेर आले.

"कोण?"

"सापडला," त्या म्हणाल्या. "आत्ताच बाहेर आला. टॉवेल गुंडाळून."

त्यांनी वही घेतली. सहा मापं होती. ती वाचायला त्यांना फार वेळ लागला. अंगावरचं पाणी तसंच वाळलं.

"गुडघ्याला बरं वाटतं," शेवटी ते म्हणाले.

"वाटू दे ना. मी नाही म्हणते का? बिल आपलंच आहे. पण पालेगावला आज जायचं, उद्या नाही."

पालेगावात काय झालं ते मी बघितलेलं नाही. मालिनीबाईंनी उन्मेषला फोनवर सांगितलं तेवढं माझ्या कानावर आलं. विष्णुपंत वही घेऊन गेले होते. वेणूबाईंच्या दारात उभं राहून त्यांनी ते शेवटचं पान उघडून दिलं आणि म्हणाले, "वाचा. माझं नाव आहे वर." वेणूबाई म्हणाल्या, "अक्षरं वाचता येत नाय मना. आकडे येतात." आणि त्यांनी एकेक आकडा बोट ठेवून वाचला. त्यांच्या सुनेने चहा केला. चुलीवर.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला वेणूबाई आल्या. पदर खोचला, परात घेतली, पीठ मळलं. मग लायटर हातात घेऊन त्या गॅलरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

मित्रांनो, आता माझी विनंती ऐका. महिन्यातून एकदा, ठरावीक तारखेला माझ्याकडे बघा. काळे आकडे लिहा, लालांच्या मागे लागू नका. बिलावर 'अंदाजे' लिहिलंय का ते शोधा. किती दिवसांचं बिल आहे ते मोजा. रुपये वाढले की दर बघा, युनिट वाढले की आपली आंघोळ बघा. एवढं करूनही शंका राहिली तर खुशाल माझ्यावर घ्या. मला खोलतील, हवा सोडून मोजतील, नवीन सील ठोकून परत आणतील, आणि मी पहिल्यासारखा लागेन. माझ्यासाठी तशी सोय आहे.

"काका, या," वेणूबाईंनी हाक मारली. "आकडा लिवा. मग पेटवते."

"अहो, राहू दे आता वेणूबाई. झालं ते झालं. वही मी ठेवून दिली."

"नाय काका. काढा."

विष्णुपंतांनी मालिनीबाईंकडे बघितलं. त्या कोथिंबीर निवडत होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही. शेवटी विष्णुपंतांनी वही काढली, चष्मा लावला, माझ्यासमोर वाकून आकडा लिहिला. वेणूबाईंनी तो आपल्या डोळ्यांनी ताडून बघितला आणि मग शेगडी पेटवली.

त्याला आता सात आठवडे झाले. थंडी गेली, गुडघा बरा आहे, बिल उतरलं. वाल काही पुन्हा आले नाहीत. विष्णुपंत रोज म्हणतात, आजपासून नको. आणि वेणूबाई रोज लायटर हातात घेऊन दारात उभ्या राहतात, ते लिहून होईपर्यंत.