लाल शाईची चिठ्ठी

शिक्षकांच्या खोलीत त्यांना सगळे 'गोंगाटसर' म्हणायचे, तेही तोंडावर. सरांना त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. मुलं भांडल्याशिवाय पदार्थविज्ञान डोक्यात शिरणार कसं? त्यांच्या तासाला प्रयोगाआधी प्रत्येकाने काय होणार ते चिठ्ठीवर लिहायचं. पेनाने, म्हणजे खाडाखोड नाही. नाव घालायचं नाही, म्हणजे लाज नाही. मग कडकडून वाद, आणि मगच प्रयोग.

शेजारच्या वर्गातून तक्रारी गेल्या आणि आज मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, स्वतः आल्या. "नुसताच गलबला दिसला तर उद्यापासून मुकाट्याने फळा आणि वही," त्यांनी दारातच बजावलं.

"बसा की, बाई. पण इथे बसेल त्याने चिठ्ठी लिहायची," सर म्हणाले.

बाईंनी भुवई चढवली, पण कागद घेतला.

टेबलावर सरांच्या घरचा वजनकाटा, त्यावर पाण्याचा ग्लास. आकडा तीनशे चाळीस ग्रॅम. "मी पाण्यात बोट बुडवणार, ग्लासला लावणार नाही. आकड्याचं काय होईल?"

सर चिठ्ठ्या उघडू लागले. निळी, निळी, काळी, आणि मग लाल. 'हलणार नाही.' वर्गात लाल पेन एकट्या बाईंकडे होतं. चिठ्ठी हळूच मुठीत दाबली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. छे! मग मुलांच्या चिठ्ठ्यांना काय किंमत राहिली? त्यांनी ती खणखणीत वाचली आणि नेहमीसारखी सगळ्यांना दाखवली.

"चूक आहे ते," खिडकीजवळची मुलगी म्हणाली आणि स्वतःच दचकली. "म्हणजे... पाणी बोटाला वर ढकलतं ना? मग बोट पाण्याला खाली ढकलणारच."

"अगं, पण हात सरांच्या खांद्याला लटकलाय! त्याचा भार काट्यावर कसा येईल?" बाई ताडकन उठल्या.

"सगळा नाही, थोडा येईल!"

झालं! अर्धा वर्ग बाईंच्या बाजूने, अर्धा मुलीच्या. सरांनी बोट बुडवलं. तीनशे एक्कावन्न.

बाई तरातरा टेबलाशी आल्या. चष्मा सारखा करून त्यांनी आकडा दोनदा वाचला. "अगं बाई, खरंच की! सर, आता आणखी खोल घाला. थांबा, थांबा, आधी लिहू दे!"

पुन्हा एकच कल्लोळ उडाला. तेवढ्यात दार उघडलं. शेजारच्या वर्गाचे गुरुजी संतापून उभे होते. "काय चाललंय काय? हा मी निघालो मोठ्या बाईंकडे!"

"मी इथेच आहे," मुलांच्या घोळक्यातून बाई ओरडल्या. "आत या, आणि आधी चिठ्ठी लिहा."